न्यायसभेच्या मागोमाग : यावने ते तिबेरिया

तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू पंडितांच्या चर्चांच्या मोठ्या धर्मग्रंथात, मुक्कामांची एक यादी आहे. जेरुसलेमच्या मंदिरातल्या घडीव दगडांच्या दालनात बसणारी ज्यू पंडितांची न्यायसभा, म्हणजे सनहेद्रिन, कुठून कुठे हलत गेली त्याची ही यादी. दालनातून बाजारपेठेत, तिथून शहरात, मग यावने, उषा, पुन्हा यावने, पुन्हा उषा, शफराम, बेत शेआरिम, त्सिप्पोरी आणि शेवटी तिबेरिया. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळलं. यज्ञ थांबले, पुरोहितांचं काम संपलं. त्यानंतरच्या शतकांत जो धर्म उभा राहिला तो या मुक्कामांवर, आणि तो उभा करणारे लोक लोहार, कोळसेवाले, लाकूडतोडे, मेंढपाळ असे होते. त्यांना राब्बान, रब्बी म्हणू लागले.

नकाशावर ही सगळी गावं एका दिवसाच्या ड्राइव्हमध्ये बसतात. आम्ही आठवडाभर घेतला. टूरवाल्याने यादी पाहून विचारलं, "मॅडम, मृत समुद्र नाही? बेथलेहेम नाही? मग बघणार काय?" त्याचं अगदीच चूक नव्हतं. निम्म्या ठिकाणी बघायला टेकाड, गवत आणि एक पाटी एवढंच आहे. गाडी भाड्याने घेतली आणि निघालो.

रविवार, लोद

विमानतळापासून लोद अगदी जवळ. तिथे माझ्या अलिबागच्या मैत्रिणीच्या ओळखीतल्या एक मावशी राहतात. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, रेवदंड्याकडच्या, लहानपणी आईवडिलांबरोबर इस्रायलला आलेल्या. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि पहिलं वाक्य आलं, "अगं बाई, किती वाळलीयेस! जावईबापू, चपला तिथेच राहू द्या." टेबलावर इस्रायलमधून निघणाऱ्या 'मायबोली' या मराठी नियतकालिकाचा अंक होता आणि त्यावर चष्मा.

जेवायला बोयीचं कालवण, नारळाच्या रसातलं, आणि भात. मासा खवल्यांचा आणि परांचाच हवा, मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून यांच्या स्वयंपाकघरात नारळ सगळीकडे. हे लोक कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जात, कारण घाणा शनिवारी बंद. पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. तीही मंदिर पडण्याच्या आधी. ती खरी धरली तर आम्ही ज्यांच्या मागे निघालो होतो ते यावनेचे पंडित जन्मायच्या आधीच मावशींचे पूर्वज कोकणात तेल गाळत होते.

"रब्बी?" मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे कुठले रब्बी! काजी असायचे, हजान असायचे, मुकादम असायचा. शेमाची प्रार्थना पाठ, शनवार पाळायचा, मुलाची सुंता आठव्या दिवशी. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायचा. तालमूद-बिलमूद इथे आल्यावर ऐकलं."

आणि ऐकलं ते फारसं गोड नव्हतं. साठच्या दशकात इथल्या रब्बीसंस्थेने बेने इस्रायलींच्या लग्नांना हरकती काढायला सुरुवात केली होती. घटस्फोटाचे, लग्नाचे नियम तालमूदचे. ज्यांनी तालमूद पाहिलंच नाही त्यांनी ते पाळले असतील कशावरून, असा मुद्दा. लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं. १९६४ मध्ये सरकार त्यांच्या बाजूने उभं राहिलं आणि प्रकरण मिटलं. मावशींचे वडील त्या धरण्यात होते. "भांडलो तर भांडलो," त्या म्हणाल्या, "रब्बीसुद्धा आपसात दुसरं काय करायचे?"

लोदही त्या मुक्कामांच्या आसपासचंच गाव. यादीत नाही, पण इथे रब्बी एलिएझर आणि रब्बी तारफोन शिकवत. इथल्याच एका घराच्या माळ्यावर वाद झाला होता: अभ्यास मोठा की कृती? तारफोन म्हणाले कृती, अकिवा म्हणाले अभ्यास. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की अभ्यास मोठा, कारण त्यातून कृती होते. मावशींना हा निकाल सांगितला. "तारफोनचंच बरोबर," त्यांनी कालवण वाढता वाढता सांगितलं. "हे वाचून झालंय का?"

लोदला १९९६ मध्ये रस्त्याच्या कामात सापडलेली मोठी रोमन मोझॅक फरशी आता संग्रहालयात आहे. जहाजं, मासे, हत्ती, जिराफ. विमान उशिराचं असेल तर त्या अर्ध्या दिवसात बघून होते.

सोमवार, यावने

पाऊस. फेब्रुवारीच्या शेवटी इथे असा पाऊस येतो हे आम्ही वाचलं होतं, पण वाचणं आणि भिजणं वेगळं. (छत्री नको, वारा उलटी करतो; टोपीचं जॅकेट आणा.)

यावनेची कथा वेढ्यातल्या जेरुसलेममध्ये सुरू होते. शहरातल्या बंडखोरांनी दारं बंद केलेली, बाहेर जाता येतं ते फक्त प्रेताला. राब्बान योहानान बेन झक्काई तिरडीवर आडवे झाले आणि एलिएझर, यहोशुआ या शिष्यांनी त्यांना बाहेर काढलं. वेशीवरच्या पहारेकऱ्यांना भाला खुपसून खात्री करायची होती. गुरूच्या प्रेताला भाला खुपसला असं रोमन म्हणतील, असं सांगून ते टाळलं. योहानान सेनापती वेस्पासियानसमोर उभे राहिले आणि त्याला सम्राट म्हणाले. तेवढ्यात रोमहून निरोप आलाच की सम्राट मेला, आता तूच. खूश होऊन त्याने विचारलं, काय हवं? योहानान यांनी जेरुसलेम मागितलं नाही. मागितलं ते यावने आणि तिथले पंडित, गमलिएलचं घराणं, आणि उपासाने खंगलेल्या रब्बी सादोकसाठी वैद्य. सादोक जेरुसलेम वाचावं म्हणून चाळीस वर्षं उपास करत होते; काही गिळलं तर ते बाहेरून दिसायचं, इतके वाळलेले.

जेरुसलेम का नाही मागितलं, यावर तालमूदमध्येच टीका आहे. तिथे एक मत असंही दिलंय की देवच शहाण्यांची बुद्धी उलटी करतो. दुसरं मत, एवढं मागितलं असतं तर थोडंही मिळालं नसतं. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं. नवऱ्याचं पहिल्याकडे. गाडीत तासभर पुरलं.

आजचं यावने तेल अवीवच्या दक्षिणेचं साधं, नव्या इमारतींचं गाव. टेकाडाच्या बाजूला पुरातत्त्वखात्याने मोठं खोदकाम केलं. तिथे सुमारे १,५०० वर्षांपूर्वीचा प्रचंड द्राक्षारसाचा कारखाना निघाला, आणि त्याच्याही आधीची, न्यायसभेच्या काळातली एक इमारत. त्या इमारतीत खडूच्या दगडाची भांडी सापडली. मातीचं भांडं विटाळतं, दगडाचं विटाळत नाही, म्हणून शुद्धी पाळणाऱ्यांच्या घरात दगडाची भांडी असत. मंदिर गेलं, तरी कुणीतरी या गावात ताट-वाटीपर्यंत नियम पाळत होतं. मला ही बातमी कुठल्याही कबरीपेक्षा भारी वाटली.

कबर आहेच. न्यायसभेचे इथले प्रमुख राब्बान गमलिएल यांची म्हणून दाखवतात ती इमारत मामलूक सुलतान बायबर्सच्या काळातली, तेराव्या शतकातली. घुमट, कमानींची ओसरी. मुसलमानांसाठी ती प्रेषितांचे साथीदार अबू हुरैरा यांची. ते मदिनेत वारले, असं इतिहास सांगतो. म्हणजे दोन्ही धर्मांनी पक्का पुरावा नसताना एकच जागा पवित्र मानली. आत पुरुष-बायकांच्या बाजू वेगळ्या. माझ्या बाजूला एक बाई मोबाइलवर नव्या फ्लॅटचे फोटो कबरीला दाखवत होती, अगदी सावकाश, खोली-खोलीने.

गमलिएल कडक माणूस. चंद्र कधी दिसला यावरून एकदा रब्बी यहोशुआ यांच्याशी वाद झाला. तिथीवर सगळे सण अवलंबून. गमलिएल यांनी हुकूम काढला: तुझ्या हिशेबाने ज्या दिवशी योम किप्पुर येतो, त्या दिवशी काठी आणि पैसे घेऊन माझ्याकडे ये. वर्षातल्या सर्वांत पवित्र दिवशी, ज्याला मावशी 'दारफाळणीचा सण' म्हणतात, प्रवास करायचा! यहोशुआ गेले. गमलिएल उठून उभे राहिले, डोक्याचं चुंबन घेतलं आणि म्हणाले, ये, माझ्या गुरू आणि माझ्या शिष्या.

हे इथेच संपलं असतं तर गोड झालं असतं. पण गमलिएल पुन्हा पुन्हा यहोशुआंना सभेत उभं करून ठेवत राहिले, आणि एक दिवस सभा चिडली. त्यांना पदावरून काढलं आणि एलाझार बेन अझार्या या अठरा वर्षांच्या मुलाला बसवलं. दारावरचा पहारेकरी हटवला. त्या दिवशी अभ्यासगृहात चारशे, कुणी म्हणतं सातशे, बाकं वाढवावी लागली. गमलिएल मग माफी मागायला यहोशुआंच्या घरी गेले. भिंती काळ्या पडलेल्या. "भिंतींवरून दिसतंय, तू कोळसा पाडतोस." यहोशुआ म्हणाले: ज्या पिढीचा तू पुढारी, तिचं कठीण आहे, विद्वान कसे जगतात, काय खातात, तुला ठाऊकच नाही.

यावनेत त्या काळ्या भिंतींची पाटी कुठे असती तर मी तिथे थांबले असते.

मंगळवार, उषा, शफराम, बेत शेआरिम

रात्री हैफाजवळ राहून सकाळी उषाला. किर्यात अताच्या मागे टेकडीवर ऑलिव्हची झाडं, पावसाने धुतलेलं गवत आणि गवतात लाल कलानियोत फुलांचे ताटवेच्या ताटवे. जमिनीत कोरलेले तेलाचे आणि द्राक्षांचे घाणे, शुद्धिस्नानाच्या पायऱ्या उतरणारे हौद. इथून 'सनहेद्रिन मार्ग' नावाची पायवाट जाते. २०१८ मध्ये सुरू झालेला हा साधारण ७० किलोमीटरचा रस्ता बेत शेआरिमपासून तिबेरियापर्यंत नेतो. चालायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च उत्तम, चिखल मात्र बुटाला चिकटून निम्मा डोंगर बरोबर येतो. आम्ही त्यातला छोटा तुकडा चाललो.

न्यायसभा इथे आली ती बार कोखबाचं रोमनांविरुद्धचं बंड चिरडल्यावर. १३२ ते १३५ या बंडाला रब्बी अकिवा यांनी पाठिंबा दिला होता. बार कोखबाच मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणहार, असं ते म्हणाले. तेव्हा योहानान बेन तोर्ता हे दुसरे पंडित म्हणाले होते: अकिवा, तुझ्या गालांतून गवत उगवेल, तरी मसीहा आलेला नसेल. तेच झालं. रोमन सम्राट हेद्रियनने दक्षिण उजाड केली आणि जे वाचले ते गॅलिलीत आले. त्यातल्या एकाची कथा उषा आणि शफरामच्या मधल्या रस्त्याची आहे. रोमन फर्मान असं: जो रब्बीपदाची दीक्षा देईल तो मरेल, घेईल तो मरेल, आणि ज्या गावात हे होईल ते गाव उद्ध्वस्त. म्हाताऱ्या यहुदा बेन बावा यांनी पाच शिष्यांना घेऊन दोन डोंगरांच्या मध्ये, दोन गावांच्या मध्ये बसून दीक्षा दिली, म्हणजे कुठल्याच गावाला शिक्षा नको. शत्रू दिसला तेव्हा त्यांनी शिष्यांना पळा म्हटलं. स्वतः, न उलटणाऱ्या दगडासारखे, तिथेच राहिले. तीनशे भाले मारले, असं तालमूद सांगतं. पळालेल्या पाचांत मेइर होते, शिमोन होते, योसे होते. मिश्नाचं, म्हणजे ज्यूंच्या मौखिक नियमांच्या संग्रहाचं, अर्धं पान या नावांनी भरलेलं असतं.

आज त्या मधल्या रस्त्यावर वाहनांचे स्पेअर पार्ट, टाइल्सची दुकानं आणि एक फलाफलवाला आहे. शफराम अरब गाव: मुसलमान, ख्रिस्ती, द्रुझ. फलाफल गरम, ताहिना भरपूर, लोणच्याच्या फोडी फुकट. दुकानदाराने विचारलं, इंडिया? मग शाहरुखचं नाव आलंच.

दुपारी बेत शेआरिम. इथे मात्र पाहायला आहे आणि पुष्कळ आहे. २०१५ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. डोंगराच्या पोटात कोरलेल्या थडग्यांच्या गुहा, तीसहून जास्त. १९३६ मध्ये अलेक्झांडर झैद नावाच्या राखणदाराच्या लक्षात त्या आल्या. त्याचा घोड्यावरचा पुतळा वर टेकडीवर आहे. दगडी दारं लाकडी असल्याचा आव आणतात: फळ्या, खिळे, कडी, सगळं दगडात. बिजागरीवर ती अजून फिरतात. वीस नंबरच्या गुहेत शंभराहून जास्त शवपेट्या, त्यांवर सिंह, गरुड, बैलाची डोकी. मूर्ती वर्ज्य मानणाऱ्या धर्माच्या कबरस्तानात ग्रीक धाटणीची ही हौस! शिलालेख ग्रीकमध्ये सर्वांत जास्त, मग हिब्रू, अरामी, पाल्मिराची लिपी. पाल्मिरा, बैरुत, सिदोन, थेट येमेनच्या हिम्यारमधून लोकांनी आपले मृत इथे आणले. जेरुसलेममध्ये ज्यूंना मज्जाव, मग पुरायचं कुठे? तर जिथे रब्बी आहे तिथे.

रब्बी म्हणजे यहुदा हनासी. नुसतं 'रब्बी' म्हटलं की तेच. इ.स. २०० च्या सुमारास मिश्ना त्यांनी संकलित केली: सहा विभाग, ६३ ग्रंथ, सगळी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली चर्चा, हरलेल्या मतांसकट. मरताना त्यांनी वाटणी सांगितली: माझा मुलगा शिमोन विद्वान, माझा मुलगा गमलिएल प्रमुख, आणि हनिना बर हामा अग्रासनी. चौदा नंबरच्या गुहेत भिंतीवर कोरलंय: रब्बी शिमोन. रब्बी गमलिएल. आणि अनिना. तालमूदमधली तीन नावं एकाच छताखाली. इथे आतापर्यंत कबरींबद्दल टिंगल करणारा नवरासुद्धा काही वेळ बोलला नाही.

रब्बी मरत होते तेव्हा पंडितांनी उपास धरला आणि प्रार्थना थांबवेनात, त्यामुळे त्यांना मरण येईना. घरातली मोलकरीण गच्चीवर गेली. आधी तीही प्रार्थनाच करत होती. मग त्यांचे पोटाचे हाल पाहिले. तिने एक घागर वरून खाली टाकली. फुटल्याच्या आवाजाने पंडित क्षणभर थांबले, आणि तेवढ्यात रब्बी गेले. तालमूदने तिचं नाव लिहून ठेवलेलं नाही. पण तिने केलं ते चूक, असंही कुठे म्हटलेलं नाही, आणि मरणाच्या दारातल्या रुग्णाला किती ताणायचं यावर लिहिणारे पुढचे धर्मशास्त्री तिच्या घागरीपाशी येतात.

टीप: राष्ट्रीय उद्यानांचा एकत्रित पास मिळतो, बेत शेआरिम आणि त्सिप्पोरी दोन्ही त्यात. काही गुहा फक्त आधी नोंदवलेल्या मार्गदर्शित फेरीत उघडतात. बंद होण्याच्या तासभर आधी आत घेणं थांबवतात, आणि शुक्रवारी सगळंच लवकर आटोपतं. संग्रहालयाच्या जागी नऊ टनांचा काचेचा एक ठोकळा आहे, प्राचीन कारागिरांचा फसलेला घाट. तो चुकवू नका.

बुधवार, त्सिप्पोरी

नाझरेथपासून जवळ. आजार बळावल्यावर रब्बी इथे राहायला आले, उंचावर, हवा चांगली म्हणून. मंगळवारचा पाऊस जाऊन स्वच्छ ऊन पडलं होतं आणि हवेबद्दल रब्बींशी आम्ही सहमत झालो.

माझ्या डोक्यात पंडितांचं गाव म्हणजे काहीतरी विझलेलं, करडं असं होतं. इथे रोमन नाट्यगृह आहे, रथांच्या चाकोऱ्या पडलेला फरसबंद राजरस्ता आहे आणि टेकडीच्या माथ्यावर एका हवेलीत जेवणघराची फरशी आहे, तिसऱ्या शतकातली, ग्रीकांचा मद्यदेव डायोनिससची. तो आणि हेराक्लिस दारू पिण्याची पैज लावतात आणि हेराक्लिस आडवा होतो. फरशीच्या कडेला एका स्त्रीचा चेहरा, तिरका, जरा हसरा. 'गॅलिलीची मोनालिसा' म्हणतात. मिश्ना संकलित करणारा माणूस आणि ही फरशी घालून घेणारा माणूस जवळपास एकाच काळात एकाच गावात. दोघांची ओळख असेल का, हा प्रश्न तिथल्या मार्गदर्शक मुलीला विचारला. तिचे खांदे उडाले. "टॅक्स एकाच ठिकाणी भरत असतील."

रब्बींच्या दातदुखीची गोष्ट मला मिश्नाइतकीच प्रिय. कसायाकडे नेतानाचं वासरू त्यांच्या झग्यात डोकं खुपसून हंबरलं. "जा, यासाठीच तू जन्मलास," ते म्हणाले. दया नाही म्हणून दुखणं लागलं, तेरा वर्षं. मग एकदा घरातली बाई केर काढताना मुंगसासारख्या प्राण्याची पिल्लं झाडून टाकत होती; ते म्हणाले, राहू दे, देवाची करुणा सगळ्या जीवांवर आहे. दुखणं गेलं. ज्यांचा शब्द शेवटचा, त्या माणसाबद्दल हे लिहून ठेवायला धाडस लागतं.

पाचव्या-सहाव्या शतकातल्या सिनेगॉगची, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहाची, फरशीही इथेच. मधोमध राशिचक्र. वृश्चिक, धनु, मीन ओळखताना आमच्या मागे उभ्या शाळेच्या सहलीतली मुलं आपापल्या राशीवर ओरडत होती.

गुरुवार, पेकीइन आणि मेरोन

पेकीइन हे द्रुझ गाव, उतारावर. इथल्या गुहेत पळालेल्या पाचांतले शिमोन, म्हणजे शिमोन बर योहाई, आणि त्यांचा मुलगा बारा वर्षं लपले, रोमनांबद्दल वाईट बोलल्यामुळे. खरूबाचं झाड आणि झरा, एवढ्यावर राहिले. कपडे झिजू नयेत म्हणून गळ्यापर्यंत वाळूत बसून अभ्यास. बाहेर आले तेव्हा शेतकरी नांगरत होते. हे लोक शाश्वत सोडून क्षणभंगुराच्या मागे, असं म्हणून ज्याच्याकडे पाहिलं ते जळून गेलं. आकाशवाणी झाली: माझं जग नष्ट करायला बाहेर आलात? परत आत जा! आणखी बारा महिने.

गुहा म्हणजे खडकातली खाच. दोघं उभे राहिलो तर तिसऱ्याला जागा नाही. खरूबाचं झाड आहे. शेजारी द्रुझ आजी तव्यावर पातळ रोटी भाजते, लबने आणि झातर लावून गुंडाळून देते. खरूबाच्या शेंगांची काकवीही विकते. चिंच-गुळाच्या मधली चव. घ्याच.

मेरोनला याच शिमोन यांची कबर, प्रचंड गर्दी. लाग बाओमेर या सणाला इथे लाखो लोक येतात आणि २०२१ मध्ये चेंगराचेंगरीत ४५ जण मेले. साध्या गुरुवारीही रेटारेटी होती. मेणबत्त्या, फुकट चहा, फोटोंच्या लॉकेटची दुकानं. आम्ही लवकर खाली उतरलो. दरीतल्या हिल्लेलच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या गुहेत मात्र कोणी नव्हतं. हिल्लेल आधीच्या पिढीतले, मोलमजुरी करणारे. अभ्यासगृहाच्या फीपुरते पैसे नव्हते तेव्हा छताच्या झरोक्यावर पडून ऐकत राहिले आणि बर्फाखाली गाडले गेले. त्यांच्या आणि शम्माय या दुसऱ्या पंडितांच्या शिष्यांत वर्षानुवर्षं वाद. निर्णय हिल्लेलकडे गेला, कारण ते सौम्य होते आणि आपलं मत सांगायच्या आधी शम्मायचं सांगत. फेसबुकवर कुणी असं करत नाही हे सांगायला नको.

शुक्रवार-शनिवार, तिबेरिया

'आणि तिबेरिया सगळ्यांत खोल,' असं ती तालमूदची यादी संपते. गाव समुद्रसपाटीखाली दोनशे मीटर. घाटातून उतरताना कान बंद होतात आणि फेब्रुवारीतही जॅकेट काढावं लागतं.

शुक्रवारी दुपारनंतर बस बंद, दुकानं बंद. खाण्याची सोय दोनच्या आत करून ठेवा. आम्ही बाजारातून मोरोक्कन सलाडं, हल्ला पाव आणि संत्री आणली. सकाळी योहानान बेन झक्काईंची कबर पाहिली. तिरडीतून निसटलेला हा माणूस खऱ्या मरणाच्या वेळी रडला होता. शिष्यांनी विचारलं का, तर म्हणाले: पुढे दोन वाटा आहेत आणि मला कुठल्या वाटेने नेतील ते ठाऊक नाही. त्याच आवारात मायमोनिडिस हे ज्यू तत्त्वज्ञ, हजार वर्षांनंतरचे. वर डोंगरउतारावर अकिवा. चाळिशीपर्यंत निरक्षर मेंढपाळ, शेवट लोखंडी कंगव्यांनी, ओठांवर शेमा. एक मिद्राश, म्हणजे जुना धर्मकथांचा ग्रंथ, त्यांचा देह कैसरियाजवळ पुरते, पण लोक इथे येतात आणि लग्न जमू दे म्हणतात. बायकांच्या बाजूला मुलींची रांग होती. पुरुषांना दारात पुठ्ठ्याच्या टोप्या मिळतात. बायकांनी ओढणी बरोबर ठेवावी.

शनिवारी काहीच करता येत नाही, म्हणून तळ्याकाठी बसलो. बाकावर एक निवृत्त शिक्षक आले, मोरोक्कन घराण्यातले, उत्तम इंग्रजी. कुठे कुठे गेलात? सगळं सांगितलं. "मग योहानान आणि रेश लाकीश राहिले," ते म्हणाले आणि सांगू लागले.

तिबेरियाचे रब्बी योहानान, तिसऱ्या शतकातले, फार देखणे. जॉर्डन नदीत आंघोळ करत होते. रेश लाकीश तेव्हा दरोडेखोर. त्याने नदीत उडी मारली. योहानान म्हणाले, तुझी ताकद तोराला, म्हणजे धर्मशास्त्राच्या अभ्यासाला दे, माझी बहीण तुला देतो. तो शिकला, पंडित झाला, मेहुणा झाला, वादातला जोडीदार झाला. एकदा चर्चा निघाली: तलवार, सुरी, खंजीर ही पूर्ण झाली असं कधी मानायचं, भट्टीतून काढल्यावर की पाण्यात बुडवल्यावर? मतं वेगळी पडली आणि योहानान बोलून गेले, दरोडेखोराला आपला धंदा माहीतच असणार. रेश लाकीश दुखावला, आजारी पडला. बहीण रडत आली, माझ्या मुलांसाठी तरी माफ कर. योहानान हलले नाहीत. तो मेला. मग योहानानना करमेना, तेव्हा सभेने एलाझार बेन पेदात या हुशार पंडिताला त्यांच्यासमोर बसवलं. योहानान काही म्हणाले की तो म्हणे, याला आधार आहे. योहानान भडकले: तू काय लाकीशच्या मुलासारखा (म्हणजे रेश लाकीशसारखा) आहेस? मी एक गोष्ट सांगितली की तो चोवीस आक्षेप घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, आणि विषय आपोआप मोठा व्हायचा. तू म्हणतोस आधार आहे. मला काय ठाऊक नाही की मी बरोबर आहे? कपडे फाडत, 'कुठे आहेस लाकीशच्या मुला' असं ओरडत ते फिरले, आणि वेड लागून मेले.

"चूक योहानानची," शिक्षक म्हणाले. "पूर्ण चूक."

नवरा म्हणाला, "पण रेश लाकीशनेही उलट टोमणा मारलाच होता ना, मला इकडे आणून तुम्ही काय भलं केलंत, असा?"

शिक्षकांनी खिशातून सूर्यफुलाच्या बियांची पुडी काढली आणि आमच्या मध्ये ठेवली. "हा एक झाला. पुढचा?" तिसऱ्या आक्षेपाला नवऱ्याने बहिणीचा मुद्दा काढला: मेहुण्यांच्या भांडणात तिचं ऐकायला दोघांपैकी कुणी तयार नव्हतं. त्यावर शिक्षक स्वतःच बाजू बदलून बसले आणि मला दोघांशी भांडावं लागलं. आकाशात तीन तारे दिसले, शब्बाथ संपला, समोरचं आइस्क्रीमचं दुकान उघडलं आणि त्यांचा मुलगा गाडी घेऊन त्यांना न्यायला आला. पाचवा आक्षेप त्यांनी गाडीच्या खिडकीतून ओरडून सांगितला. हॉर्नमध्ये अर्धाच ऐकू आला.